बागेच्या नोंदी परत मिळाल्या

मार्चअखेर माल उतरला आणि त्याच आठवड्यात लॅपटॉप बसला. बटण दाबलं की ठिपके गोल फिरायचे, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर', आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात 2014 पासूनच्या आमच्या द्राक्षबागेच्या नोंदी होत्या. खरड छाटणी कधी, फळछाटणी कधी, पाऊस किती, डावणी रोग कधी दिसला, कोणतं औषध किती मारलं. संध्याकाळी अण्णा सांगायचे, मी एक्सेलमध्ये भरायचो.

तालुक्याला दुकानात नेला. "विंडोज नवीन मारावं लागेल, डेटा जाईल." मी लॅपटॉप तसाच परत आणला. विंडोज उठत नाही म्हणजे फाइली गेल्या असं नसतं.

भाच्याला फोन लावला. "मामा, सारखं चालू-बंद करू नका, डिस्क खराब होत असेल तर आहे तेही जाईल." शेजारच्या कॉम्प्युटरवरून 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेतलं (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम), लॅपटॉप चालू होताना एफ12 दाबून पेनड्राइव्ह निवडला. इन्स्टॉल काहीच करायचं नाही, ते रॅममध्येच, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीत चालतं. थोड्या वेळात आमची डिस्क दिसली, 'युजर्स'मध्ये फोल्डरही सापडलं. (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असतं तर 48 आकडी रिकव्हरी की लागली असती. तुमच्या लॅपटॉपला असेल तर ती आजच कागदावर उतरवून ठेवा.)

फोटो आले, पण नेमकी एक्सेलची फाइल एरर देऊन अडकली. डिस्कवरच्या काही जागा वाचताच येत नव्हत्या. डिस्क कट्कट वाजत असती तर मी तिथेच थांबलो असतो, कारण त्याला घरगुती उपाय नाही. आवाज नव्हता, म्हणून डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून डेटा काढणारा प्रोग्रॅम लावला. ते आधी धड भाग वाचून घेतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि मग त्यांच्याकडे परत वळतं. 1 टीबीच्या नव्या डिस्कवर अख्खी प्रत घ्यायची होती. कुठून आणि कुठे हे उलटं झालं तर सगळं पुसलं जातं, म्हणून आकार बघून दोन्ही डिस्कची नावं कागदावर लिहिली आणि भाच्याला दोनदा वाचून दाखवली.

रात्री अडीचला लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. पण कुठपर्यंत वाचून झालं हे डीडीरेस्क्यू एका मॅप फाइलमध्ये लिहीत असतं, आणि भाच्यानं ती बाहेरच्या डिस्कवर ठेवायला लावली होती. रॅममध्ये असती तर लाईटबरोबर गेली असती. सकाळी मोबाइलच्या नेटवर डीडीरेस्क्यू पुन्हा घेतलं, तोच आदेश दिला, आणि काम थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या प्रतीतून फाइल उघडली. अण्णा चष्मा लावून शेजारी बसले. "2019 काढ." त्या साली ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं घड कुजले होते, फक्त उशिरा छाटलेला खालचा तुकडा वाचला होता. अण्णांनी स्क्रीनवर बोट ठेवून त्या तुकड्याची तारीख वाचली, पुढची फवारणीही वाचली.

"याची प्रिंट काढून आण," म्हणाले, "सगळ्या वर्षांची."