एकोणसत्तर

१५ जून, रविवार

काल मेडिकलच्या नीट परीक्षेचा निकाल लागला. ७२० पैकी २६८, आणि फिजिक्समध्ये १८० पैकी १२. बारा. दोन आकडी आहेत एवढंच काय ते कौतुक. यंदा फिजिक्स सगळ्यांनाच जड गेलं असं सगळे म्हणायलेत, पण मला माहितीय की पेपर सोपा आला असता तरी माझे बाराचे फार तर चाळीस झाले असते.

मामाचा फोन आला. मामा वाळूजला कंपनीत आहे त्यामुळं आमच्या घरात शिक्षणाबद्दल शेवटचा शब्द त्याचाच. "एक वर्ष रिपीट करू दे तिला, लातूरला टाकू, तिथं घासून घेतात." अप्पांनी फोन स्पीकरवर ठेवलेला, मी चुलीपुढं भाकरी थापत होते, भाकरी तव्यावरच करपली. अप्पा नुसतं "बघू, बघू" म्हणत राहिले.

कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहिते. मी सायन्स घेतलं तेच मुळात गणितापासून पळायला. ऐकायला येड्यासारखं वाटतं पण खरंय. दहावीला गणितात ५२ पडले, त्यातले १९ तर अंतर्गतचे, शाळेनं हात मोकळा सोडून दिलेले. बाकी विषयांनी टक्के वर काढले म्हणून सगळे म्हणले सायन्स घे, आणि सायन्सला बायो घेतलं तर गणित सोडून भूगोल घेता येतो हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी बाकी काही विचारलंच नाही. सुटले वाटलं. दुसऱ्याच महिन्यात फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर इंटिग्रेशनची ती सापासारखी खूण काढली आणि म्हणले, "हे तुम्हाला मॅथ्समध्ये शिकवतीलच." आमच्या बाकावर सगळ्या भूगोलवाल्या. आम्ही एकमेकींकडं बघितलं.

पण खरी गोष्ट इंटिग्रेशनची नाहीच, साध्या आकड्यांची आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमची अद्रक काढली. व्यापाऱ्याची माणसं शेतातच काटा लावतात, एक जण कट्टा म्हणजे भरलेलं पोतं ठेवतो, एक जण वजन ओरडतो, आणि घरच्या कुणीतरी वहीत लिहायचं. अप्पांनी वही माझ्याकडं दिली, पोरगी सायन्सला आहे म्हणून. बासष्ट, अठ्ठावन्न, एकसष्ट, एकोणसत्तर. हे जे एकोणसत्तर आहे ना, ते माझ्या कानात पहिल्यांदा "सत्तर" म्हणून शिरतं, हात ७ काढून मोकळा होतो, मग "एकोण"चं ९ मागून येऊन बसतं, आणि वहीत होतं ७९. दहा किलोचा फरक. असं तीनदा झालं. शेवटी व्यापाऱ्याची बेरीज आणि माझी बेरीज ३० किलोनं जुळेना, अप्पांना वाटलं मापात पाप आहे, ते त्यांना बोलले, आवाज चढला, आणि मग वही उघडून एकेक कट्टा जुळवला तर पाप माझ्याच हातात. व्यापारी हसला. "सायन्सला आहे ना हो पोरगी?" अप्पा काहीच बोलले नाहीत. रात्री जेवतानाही नाही. त्यापेक्षा दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

मी सातवीत होते तेव्हा, २०१९ ला, बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "सत्तेचाळीस"च्या जोडीला "चाळीस सात" असं वाचायची पद्धत आणली तर केवढा गदारोळ झाला होता. मराठी बुडाली म्हणले, भाषेची वाट लावली म्हणले, विनोद तर किती फिरले. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, स्वतः गणितज्ञ बाई, त्या परोपरीनं सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान पोरांना अडचणीचा जातो. आमच्या वर्गातपण सगळे हसले. मीपण हसले, सगळ्यात मोठ्यानं.

१९ जून, गुरुवार

पाऊस मे महिन्यातच येऊन गेला आणि आता तोंड लपवून बसलाय. मका टाकावी का थांबावं यावर अप्पा आणि आबांचं रोज वाजतं. माझ्या प्रश्नाला घरात तेवढीच सुट्टी मिळाली.

तीन दिवस एकच काम केलं. कोर्सेसच्या सिलॅबसच्या पीडीएफ उघडायच्या, शोधाच्या चौकटीत "मॅथ" टाकायचं, नाही सापडलं की "स्टॅटिस्टिक्स" टाकायचं. जिथं शून्य येईल तो माझा कोर्स. अशानं लोक करिअर निवडतात का, मी निवडायले.

बीसीए, पहिल्याच वर्षी गणित. इकॉनॉमिक्स, ते तर आलेखांचंच गाव. सायकॉलॉजीबद्दल लई आशा होती, माणसाच्या मनाचा अभ्यास म्हणलं तर आकडे कशाला लागतात, तर पुढं जाऊन सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध सगळं आहे. बीएस्सी अ‍ॅग्री सोपी वाटत होती, पण परभणीला शिकलेली ताईची मैत्रीण म्हणली की बायोवाल्यांना पहिल्या सेमला एलिमेंटरी मॅथ्स होतं, गणितवाल्यांना बायो, म्हणजे ज्याला जे नको ते शोधून वाढलेलं ताट. आणि बीए करून साहित्य घेतलं तरी नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे एक जादाचा विषय, दुसऱ्या फॅकल्टीतूनच घ्यावा लागतो. तिथं तरी गणित सोडून काहीतरी मिळेल म्हणा.

मावसबहिणीनं एक रील पाठवली, डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे डोक्यात नीट बसतच नाहीत त्याची. तुला हेच असेल म्हणली, प्रमाणपत्र असलं तर बोर्डात सवलत मिळते. असेलही. आमच्या शाळेत हा शब्द कुणी उच्चारला नाही, "लक्ष नाही" हा एकच आजार होता आणि त्याला छडी हे एकच औषध.

रात्री ताई म्हणली, "तू सांगायलीस काय नको ते. कपडे घ्यायला गेल्यावर पण असंच करतीस, हा नको तो नको, मग दुकान बंद व्हायच्या टायमाला जे हातात येईल ते घेऊन येतीस आणि वर्षभर घालत नाहीस." राग आला. पण तो हिरवा ड्रेस खरंच कपाटात पडलाय.

२४ जून, मंगळवार

आज कॉलेजात टीसी आणायला गेले. क्लार्क जेवायला गेलेले, म्हणून भूगोलाच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत जाऊन बसले, सर होते तिथं. बारावीला भूगोलात मला ८९ आहेत, वर्गात पहिली, आणि घरात ही गोष्ट कुणी दोनदा काढली नाही, मी पण नाही. भूगोलातले ८९ म्हणजे लग्नात वाजंत्रीवाल्यानं चांगलं वाजवल्यासारखं, छान, पण नवरदेव कुठंय?

टेबलावर आमच्याच भागाची टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा बारीक नकाशा, पसरलेली होती. सर्व्हे ऑफ इंडियाची, एकास पन्नास हजार, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटीमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटरला. कन्नडच्या पुढं औट्रम घाट जिथं खाली उतरतो तिथं त्या तपकिरी रेषा इतक्या गच्च होतात की एकमेकींच्या अंगावर पडल्यात असं वाटतं, आणि घाट संपून चाळीसगावच्या बाजूला गेलं की एकदम सैल, मोकळ्या. मी त्या घाटानं लहानपणापासून एसटीनं जातेय, प्रत्येक वळणाला उलटी होते मला. नकाशावर बोट फिरवताना पोटात तसंच हललं, खोटं नाही.

सर म्हणले, गावापासून कन्नडपर्यंतचा रस्ता मोज. दोरा दिला. वळणावळणानं दोरा बसवायचा, नखानं दाबायचा, मग सरळ करून पट्टीला लावायचा. साडेअठरा सेंटीमीटर भरला. "किती झालं?" "सव्वा नऊ किलोमीटर." सर "बरोबर" म्हणले आणि चहा सांगायला बाहेर गेले, आणि मी तिथंच बसून राहिले, कारण मी गणित केलं होतं आणि मला कळलंच नव्हतं. कागद नाही, पेन नाही. मला तो रस्ता माहितीय. सव्वा नऊच आहे तो, पाच असता तर मला लगेच कळलं असतं की कुठंतरी चुकलं. अद्रकीच्या कट्ट्यात आणि इंटिग्रेशनमध्ये मला चूक दिसत नाही, इथं दिसते.

घाटाच्या खाली नकाशात पाटणादेवी पण आहे. दहावीच्या आधी आई मला तिथं घेऊन गेली होती, गणितात पास होऊ दे म्हणून नारळ फोडायला. भास्कराचार्यांची जागा म्हणून पाटण प्रसिद्ध. त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला, १२०७ सालचा तसा शिलालेख आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा फक्त माकडानं नारळाचा अर्धा भाग नेला एवढं लक्षात राहिलं, बहुतेक ५२ मार्क त्यामुळंच.

घरी आल्यावर आबांना दोऱ्याचं सांगितलं. आबा तिसरी शिकलेले. म्हणले, "निमकी की ही! साडेअठराची निमकी सव्वा नऊ." निमकी, पावकी, दिडकी म्हणजे अर्ध्याचे, पावाचे, दीडचे जुने पाढे. आणि मग ओट्यावर बसल्या बसल्या निमकी झाली, पावकी झाली, दिडकी सुरू केली, बारावर येऊन अडकले, परत पहिल्यापासून सुरू केली. आई आतून ओरडली की जेवण गार व्हायलंय.

जेवताना सांगून टाकलं. बीए, भूगोल मेजर, संभाजीनगरला. तिथंही स्टॅटिस्टिक्स आहे, मध्य मध्यक बहुलक सगळं, मी बघून ठेवलंय, हेही सांगितलं. अप्पा म्हणले, "भूगोल घेऊन काय करतीस?" मी जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं काम, सांगितलं, एमपीएससी सांगितली, बीएड सांगितलं, तिन्ही एका दमात, पाठ केल्यासारखं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मामाला तू सांग. मी नाही सांगणार." एवढंच. म्हणजे हो.

मामाला अजून फोन केलेला नाही. उद्या करते.

फॉर्म मात्र संध्याकाळीच भरून आले, जेवणाच्या आधी, कुणाला न विचारता. कॅफेवाला पोरगा भराभर टाइप करायला. बारावीचे मार्क? ६०० पैकी ४१५. टक्के? मी म्हणले, "सहा नऊ, पॉइंट, एक सात." त्यानं मान वर केली, "एकोणसत्तर म्हण ना मग." "सहा," मी म्हणले, "नऊ."