आमची वाटचाल : काचेच्या टाक्यांपासून प्रयोगशाळेतील बेडकांपर्यंत

शोभेच्या माशांसाठी काचेच्या टाक्या बनवणारा आमचा पुण्यातील छोटा कारखाना आज प्रामुख्याने संशोधन संस्थांच्या प्राणिगृहांसाठी काम करतो. या बदलाची सुरुवात झेनोपस या आफ्रिकन बेडकापासून झाली. त्याची अंडी शरीराबाहेर वाढत असल्याने गर्भविकासाच्या अभ्यासात त्याला मोठे स्थान आहे.

बेडूक त्वचेतूनही श्वसन करतो आणि पाणी व क्षार शोषतो, त्यामुळे पाण्यातील दोष थेट त्याच्या शरीरात उतरतो. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवल्यास मुक्त क्लोरीन बरेचसे उडून जाते. क्लोरीन व अमोनियाचे संयुग असलेले क्लोरामाइन मात्र टिकून राहते, म्हणून आम्ही सक्रिय कोळशाची गाळणी बसवतो, आणि तांबे विषारी ठरत असल्याने तांब्या-पितळेचा एकही जोड वापरत नाही. झेनोपसच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या लेव्हिस या जातीला साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस पाणी मानवते. पुण्याच्या एप्रिलमध्ये ते तापमान शीतकाशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, राखता येत नाही, आणि अंदाजपत्रकातून शीतक वगळण्याची विनंती आली तर आम्ही ते काम स्वीकारत नाही.

या बेडकाला पापण्या नसतात व त्याला आडोसा लागतो, म्हणून पारदर्शक काचेचा आग्रह सोडून आम्ही गडद भिंतींच्या टाक्या, आत पाइपचे तुकडे आणि घट्ट झाकणे देऊ लागलो. त्वचेवरील बुळबुळीत थर हे त्याचे जंतूंपासूनचे संरक्षण असल्यामुळे त्याला उचलताना पावडरविरहित, ओले हातमोजे हवेत. १९९९ मध्ये वर्णन झालेल्या, त्वचेला संसर्ग करणाऱ्या कायट्रिड बुरशीने जगभरातील उभयचरांची जी हानी केली, ती पाहता प्रत्येक टाकीसाठी बेडूक पकडण्याची जाळी वेगळी असणे अत्यावश्यक आहे. मुळात, हात कमीत कमी वेळा लागावा, यासाठी बेडूक न हलवता पाणी बदलता येईल अशी रचना आम्ही करतो.

आम्ही सरड्यांसाठीही पेट्या बनवतो; त्यांचे गणित निराळे आहे. साधी काच अतिनील-बी किरण अडवते आणि त्या किरणांवाचून दिवसा वावरणाऱ्या अनेक सरड्यांची हाडे ठिसूळ होतात, म्हणून अतिनील दिवा काचेऐवजी पेटीच्या तारेच्या जाळीवर बसवावा लागतो व पेटीत एक टोक उबदार, दुसरे थंड ठेवावे लागते.

प्राणी पुरवण्याची विचारणा अनेकदा होते, पण आम्ही ते करत नाही. देशी बेडकांच्या काही जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि प्रयोगांची परवानगी हा संस्थेच्या नैतिकता समितीचा विषय आहे. आम्ही प्रत्येक टाकीसोबत मराठीत छापलेले देखभालपत्रक मात्र आवर्जून देतो, कारण रोज खाद्य घालणारे आणि पाणी तपासणारे परिचरच आजारी बेडूक सर्वांत आधी ओळखतात.