पाटावर चढेना

ट्रक पाटाच्या मध्यावर आला, मोटर कण्हली आणि चाकं जागच्या जागी अडली.

तीन रविवार खपून जोडलेला लेगो टेक्निकचा सहाचाकी. पाट एका बाजूने दोन जाडजूड पुस्तकांवर टेकवलेला. मी ठरवूनच टाकलं, मोटर कमकुवत आहे, मोठी मागवू.

शेजारचे काका पोहे खात बघत होते (वर जीरावन मसाला, इंदूर आहे शेवटी). म्हणाले, "मोटरला दम आहे रे. तूच तिला घाई करतोयस."

उघडून पाहिलं. मोटरवर २४ दातांचं गिअर, आसावर ८ चं. म्हणजे तिच्या एका फेऱ्यात चाकांचे तीन. फरशीवर सुसाट, चढावर गारद! दोन्हींची अदलाबदल केली. दोन आसांमधलं अंतर तेच राहतं, त्यामुळे सांगाडा सोडवावाही लागला नाही. वेग थेट नवव्या हिश्श्यावर आला, पण जोर तितकाच वाढला. घर्षणात थोडा गेला असेल, तो सोडा.

गोगलगायीसारखा, पण चढला. काका बशी ठेवून रामबागेत फेरी मारायला निघूनही गेले.

मला मात्र ऑफिसातला नवा मुलगा आठवत बसला. शुक्रवारीच म्हणालो होतो, "याच्यात दम नाही."

उद्या त्याच्याशी काय बोलू?