तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांकडे जाऊन बसता कशाला?

अ‍ॅपचं डिझाइन ठरायच्या आधी ते वापरणाऱ्यांकडे जाऊन बसायचं आणि त्यांचं काम बघायचं, हे माझं काम; याला एथ्नोग्राफी म्हणतात. नवा क्लायंट भेटला की चहा यायच्या आत हा प्रश्न येतो. ‘अ‍ॅप कसं हवं ते लोकांना सरळ विचारा की. ऑनलाइन फॉर्म पाठवा, ढिगाने उत्तरं येतील. दुकानात दिवस दिवस बसून वेगळं काय मिळतं?’

माणसं खोटं बोलत नाहीत हो. पण विचारलं की रीत सांगतात; हातून प्रत्यक्षात काय होतं ते त्यांच्याही ध्यानात नसतं. पेमेंटच्या एका कामासाठी मंडईत बसले होते. भाजीवाल्या मावशींना विचारलं, पैसे आलेले कसे कळतात? ‘मोबाइलवर बघते की.’ मग दुपार उलटली तरी मोबाइल काही दिसेना. तो लेकाकडे, आणि खातंही त्याचंच. मावशींचे हात मेथीच्या मातीने माखलेले, सगळी भिस्त रक्कम बोलून दाखवणाऱ्या त्या डबीवर. त्यात शेजारच्या गाळ्यावर तशीच डबी, तोच आवाज. ‘वीस रुपये’ ऐकू आलं की मावशी आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायच्या, मग शेजारणीला विचारायच्या, ‘तुझे का गं माझे?’

फॉर्म पाठवला असता तर तो लेकानेच भरला असता. इकडे आमच्या मीटिंगांत नोटिफिकेशनचा रंग हिरवा की निळा यावर वाद चालले होते. ते तिथेच थांबले आणि दर डबीला वेगळी धून देता येईल का, यावर बोलणं सुरू झालं.

ही काही आजची टूम नाही. 1980च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतल्या, पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात ल्यूसी सचमन या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या. कॉपी काढायचं मशीन अवघड आहे अशी गिऱ्हाइकांची ओरड. सचमननी ते वापरणाऱ्यांचं चित्रीकरण केलं. त्यात अ‍ॅलन न्यूएल आणि रॉन कॅप्लन हे दोघे नाणावलेले संशोधक, आणि पाठपोट कॉपी काढताना तेही मेटाकुटीला आले! चित्रफितीवरून सचमननी दाखवलं, की मशीनला फक्त झाकण उघडलं, बटण दाबलं एवढंच कळतं. समोरचा गोंधळलाय, पुन्हा पहिल्यापासून करू बघतोय, याचा त्याला पत्ताच नसतो. माहितीपुस्तिका जाड करून हे सुटणारं नव्हतं.

फोन एकट्याचा नसतो, हेही जाऊन बघणाऱ्यांना आधी दिसलं. 2007 साली आलेल्या नोकिया 1200मध्ये एकाच फोनवर घरातल्या पाच जणांच्या नंबरांच्या वेगवेगळ्या याद्या ठेवता यायच्या. स्मार्टफोन आले आणि आपण पुन्हा ‘एक माणूस, एक फोन’ धरून बसलो. मावशींचा लेक त्या गृहीतकात कुठेच बसत नाही.

आता कौतुक पुरे. एथ्नोग्राफीच्या नावाखाली हल्ली अर्धा दिवस फिरून येतात, चार फोटो काढतात आणि ‘सुनीता, वय 42, भाजीविक्रेती’ अशी एक स्लाइड करतात. मी त्याला सहल म्हणते. आणि डिझाइन आधीच ठरलं असेल तर मला बोलावूच नका, पैसे वाचवा.

आणि फॉर्म? वापरते ना. किती गाळ्यांवर खातं दुसऱ्याच्या नावावर आहे, हे एका गाळ्यावर बसून कळणार नाही. त्याला मोजणीच लागते. फक्त तो फोनवर पाठवायचा नाही, गाळ्यावर जाऊन मावशींकडूनच भरून घ्यायचा.