फांदीची शिट्टी: तुतीची खेप, बोरीची खेप

या नोंदीत दोन खेपा आहेत. पहिली श्रावण-भाद्रपदातली, तुतीच्या ओल्या फांद्यांची साल सरकवून केलेली. दुसरी बोरीच्या फांद्यांना भोक पाडून केलेली, टिकाऊ. दोन्हींत घोडं अडलं ते एकाच जागी, बुचाचं टोक आणि धार यांच्यामधल्या चार-पाच मिलिमीटरांत. म्हणून त्या जागेबद्दल जास्त लिहिलं आहे, बाकीचं थोडक्यात.

आधी शब्द पक्के करू. तोंडाकडच्या भोकात बसतं ते बूच. बुचावर सपाट तासलेल्या भागावरून फुंक आत जाते, ती फट. बूच संपतं तिथे वरून उघडी असते ती खिडकी. खिडकीच्या पलीकडच्या टोकाला हवा आदळून कापली जाते, ती धार. त्याच्या पुढे पोकळी, आणि शेवटी मागचं टोक बंद करणारा दट्ट्या. जत्रेत मिळणाऱ्या अलगुजाचं तोंड निरखून बघा, हेच सगळं दिसेल. आंब्याच्या कोयीची किंवा पिंपळाच्या पानाची पिपाणी मात्र वेगळ्या जातीची. तिथे पातळ कड थरथरते. शिट्टीत लाकूड हलत नाही, हवेचा पट्टा धारेच्या वर-खाली हेलकावतो आणि त्याचाच आवाज होतो.

लाकूड निवडताना आमचा नियम साधा आहे: ज्या झाडाची काडी दातवणाला चालते, त्याची फांदी तोंडात धरायला चालते. बाभूळ चालते, कडुनिंबही चालतो, पण त्याचा कडवटपणा बरेच दिवस जात नाही. बोर आणि तुती या दोन्ही चालतात. कण्हेर, रुई, शेर यांना हातसुद्धा लावू नका. नाल्याकाठच्या बेशरमीच्या काड्या आतून आयत्या पोकळ असतात, मुलांना मोह होतोच. ती विषारी आहे, मुलांना स्पष्ट सांगा. सीताफळाच्या फांद्या बालाघाटाच्या डोंगरावर हव्या तेवढ्या मिळतात, पण त्याच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर आग होते आणि बिया कीड मारायला वापरतात. असं झाड तोंडाशी नकोच, असं आमचं मत आहे.

तुतीची खेप

जालना-बीडकडे रेशीमवाल्यांच्या शेतावर पाला अळ्यांना घातल्यावर काड्यांचा ढीग उरतो. त्यातली ताजी, हिरवट साल असलेली काडी घ्या. दोन दिवस उन्हात पडलेली काडी कामाची नाही. झाड वाढीला लागलेलं असतं तेव्हा सालीखालचा नवा थर ओला आणि कोवळा असतो, साल त्याच थरावरून सरकते. थर सुकला की साल लाकडाला घट्ट धरते आणि काही केल्या सुटत नाही. ओलिताखालची तुती पावसाळ्यात जोरात वाढते, म्हणून हा काळ चांगला. परीक्षा सोपी आहे. टोकाला सालीवर चीर देऊन नखाने उचला. खाली ओलं, चकचकीत, गुळगुळीत लाकूड दिसलं तर काडी चालेल. तंतू ओढले गेले तर सोडून द्या.

जाडी 12 ते 15 मि.मी., लांबी 12 सें.मी. पैकी तोंडाकडच्या 8 सें.मी.त एकही डोळा नको. डोळ्यापाशी साल लाकडात रुतलेली असते, हमखास तिथेच फाटते. तोंडाकडून 20 मि.मी.वर खाच घ्या: आधी सरळ उभा काप, मग पलीकडून तिरपा. 80 मि.मी.वर सालीला गोल वळसा घालून कापा. काडी अर्धा तास पाण्यात ठेवा.

आता ठोकणं. चाकूच्या लाकडी मुठीने, हलक्या हाताने, काडी फिरवत पाच-सात मिनिटं. जोरात ठोकलं तर साल आतल्या आत चिरते आणि ते फुंकेपर्यंत कळत नाही. मग ओलं फडकं गुंडाळून पिळा. बारीक ‘टक’ ऐकू येतं आणि साल फिरते. ती तोंडाकडे ओढून काढा, लगेच पाण्यात टाका.

उघड्या लाकडावर खाचेपासून तोंडापर्यंत वरची बाजू सपाट तासा: तोंडाकडे 1.5 मि.मी. खोल, खाचेकडे 1 मि.मी. खाचेच्या पलीकडे पोकळीसाठी लाकूड अर्ध्या जाडीपर्यंत खोदा. लाकूड ओलं करून साल परत चढवा, खिडकीखाली खाच आली की फुंका.

सालीची शिट्टी दोन-तीन दिवसांची. साल सुकताना आकसते, फाटते किंवा लाकडापासून सुटते. ओल्या फडक्यात ठेवली तर थोडी जास्त टिकते. तरी सुरुवात हिच्यापासूनच करा, कारण साल काढून आतलं दुरुस्त करून पुन्हा चढवता येतं. कुठे चुकतंय ते इथे दहा मिनिटांत कळतं, सुक्या लाकडात त्याला दोन महिने लागतात.

फुस्स का होतं

खिडकीची लांबी, म्हणजे बुचाच्या टोकापासून धारेपर्यंतचं अंतर, 10 मि.मी. व्यासाच्या पोकळीला 4 ते 5 मि.मी. हे अंतर जास्त झालं तर फार जोरात फुंकावं लागतं आणि आवाजात हवा मिसळते. कमी झालं तर हळू फुंकल्यावर वाजते, जरा जोर लावला की एकदम वर किंचाळते. म्हणून आधी 4 ठेवा आणि कानसीने अर्धा-अर्धा मि.मी. वाढवा. घटवता येत नाही.

धार बोटाला टोचेल इतकी नको, पण स्वच्छ हवी. भिंगातून बघितलं तर ताज्या कापलेल्या धारेवर लाकडाचे बारीक केस उभे दिसतात. डोळ्याला ते जाणवतही नाहीत, पण हवेचा पट्टा त्यांच्यावर विस्कटतो. 400 नंबरचा पॉलिश पेपर दुमडून पोकळीच्या आतल्या बाजूने फिरवा. वरून घासलं तर केस आत वळतात आणि तिथेच राहतात.

या दोन खेपांतला खरा शोध पुढचा. गोल भोकात बूच बसवलं की फटीचं छत म्हणजे भोकाचीच वरची भिंत, आणि धारही त्याच भिंतीच्या पातळीत येते. म्हणजे फुंक धारेच्या खालून थेट पोकळीत जाते. बुचाला उतार दिल्याने फुंक थोडी वर वळते, पण तेवढ्याने पूर्ण भागत नाही. बोरीच्या शिट्ट्यांत तोंडाकडून सपाट कानस घालून छतच आतून अर्धा मि.मी. वर उचललं. आता धार फटीच्या मध्ये येते. तोंडाकडून उजेडाकडे धरून बघा: फटीत धारेची आडवी रेघ दिसली पाहिजे, तिच्या वरही आणि खालीही उजेड. हा बदल केल्यावर त्याच शिट्ट्या निम्म्या फुंकेत वाजू लागल्या.

बोरीची खेप

फांदी 20 ते 22 मि.मी. जाड, सरळ, 80 मि.मी.चे तुकडे. अख्खी फांदी सुकवली तर मधल्या गाभ्यापासून बाहेरपर्यंत तडकते. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात तर आठवड्यातच. उपाय म्हणजे ओली असतानाच भोक पाडायचं, गाभा निघून जातो आणि आकसायला जागा मिळते. 10 मि.मी.चं बिट, फांदी उभी शिकंज्यात, दर 10 मि.मी.ला बिट बाहेर काढून भुसा झटका. गाभा मऊ असल्याने बिट त्याच्यामागे जातं. गाभा एका बाजूला असेल तर भोकही वाकडं जाईल, म्हणून दोन्ही टोकांना गाभा मधोमध आहे ना ते आधी बघा. दोन बाजूंनी भोक पाडू नका, मध्ये पायरी राहते.

दोन्ही टोकांना पातळ मेण लावून तुकडे सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, दोन महिने. सुकल्यावर भोक जरा अंडाकृती होतं. तेच बिट हाताने फिरवून गोल करा.

खिडकीचा उभा काप हॅक्सॉच्या पात्याने 20 मि.मी.वर, तिरपा उतार पटाशीने. बूच 20 मि.मी. लांब, सुक्याच लाकडाचं. ओल्या लाकडाचं बूच सुकून ढिलं पडतं आणि कडेने हवा गळते. फार घट्ट ठोकलं तर लाळेने फुगून शिट्टी चिरते. अंगठ्याच्या दाबाने जाईल एवढंच ठेवा. 10 मि.मी. गोल बुचावर 1 मि.मी. खोल सपाटी केली की तिची रुंदी बरोबर 6 मि.मी. येते, आणि 1.5 ला साधारण 7. खिडकीची रुंदी फटीच्या आतल्या टोकाशी जुळवा, म्हणजे 6.

मागच्या दट्ट्याला आधी काळी माती भरून पाहिली. सुकल्यावर शेतात पडते तशीच तिला बारीक भेग पडली आणि आवाज गेला. आता लाकडी दट्ट्यावर मेण लावलेला सुती दोरा गुंडाळतो. त्याचा आणखी एक फायदा असा की दट्ट्या सरकवून स्वर बदलता येतो.

हिशोब असा. एका बाजूने बंद पोकळीत लहरीची लांबी पोकळीच्या चौपट. 30 अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 349 मीटर. 50 मि.मी. लांब पोकळीला 349 भागिले 0.2, म्हणजे 1745 हर्ट्झ. प्रत्यक्षात स्वर याच्या बराच खाली येतो, कारण लहान खिडकीमुळे पोकळी असते त्याहून लांब असल्यासारखी वागते. तरी कापताना हिशोबापेक्षा आखूड कापू नका. हवा तो स्वर येईपर्यंत मोबाईलच्या ट्यूनरवर बघत दट्ट्या आत ढकला.

वरून करडईचं तेल, दोन पातळ हात, मध्ये आठवडाभर जाऊ द्या. ते हवेत हळूहळू सुकून थर धरतं. खोबरेल कधीच सुकत नाही, हाताला चिकटत राहतं. फटीत तेल जाऊ देऊ नका. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. बोळा आतून तापतो आणि पेटूही शकतो.

राहिलेलं काम: एकाच बोरीच्या फांदीत शेजारी-शेजारी दोन 7 मि.मी.ची भोकं, एक पोकळी 45 आणि दुसरी 48 मि.मी., म्हणजे दोन जवळचे स्वर एकत्र घुमतील. त्यासाठी 28 मि.मी. जाडीचे तुकडे मेण लावून ठेवले आहेत. एकाला कडेने चीर दिसते आहे, बाकीचे अजून शाबूत आहेत.