संक्रांतीची काळी साडी चॉकलेटी का येते?

पहिल्या संक्रांतीचं शूट, राजहंसगड, भर दुपार. हलव्याचे दागिने पांढरेशुभ्र आणि काळी जॉर्जेट साडी मात्र चॉकलेटी, जांभळट. दागिने पांढरे आलेत म्हणजे व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगाची जुळणी) बरोबरच आहे, दोष इन्फ्रारेडचा, म्हणजे लालापलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा.

सिलिकॉनच्या सेन्सरला साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश कळतो, डोळ्याला ७०० च्या आसपासच संपतो. सेन्सरपुढे आयआर (इन्फ्रारेड) अडवणारी कंपनीची काच असते, पण थोडं गळतंच. एरवी ते झाकलं जातं. उन्हात आयएसओ ८००, शटर १/५० आणि एफ ५.६ ठेवायचं तर सात स्टॉप कापावे लागतात (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे एनडी २.१. एनडी म्हणजे लेन्सपुढे लावायची, प्रकाश कमी करणारी राखाडी काच; ०.३ म्हणजे एक स्टॉप. साधा एनडी डोळ्याला दिसणारा प्रकाश १२८ पट कमी करतो, इन्फ्रारेड मात्र बराचसा आत सोडतो. एनडी ०.९ पर्यंत सहसा खपून जातं, १.२ पासून रंग उघडा पडतो. फिरवून कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी तर बहुधा आणखी वाईट: त्यातल्या पोलरायझरच्या जोडीचा इन्फ्रारेडवर फारसा जोर चालत नाही.

ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारताना, काढू म्हणाल तर तेही अवघड. एकाच फ्रेममध्ये साडी चॉकलेटी आणि शेजारचा काळा सुती कुर्ता ठीक असू शकतो, कारण प्रत्येक कापडाला दिलेला रंग इन्फ्रारेड वेगळं परतवतो. मागची हिरवळही पिवळट होते. एकच करेक्शन सगळ्याला लावलं की चेहरे बिघडतात.

इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर (आयआर कट) घेताना कॅमेरा नेमका कुठे गळतो ते आधी बघा. हॉट मिरर हा आरशासारखा फिल्टर लांबचं इन्फ्रारेड परतवतो, पण ७०० ते ७५० मधला गडद लाल बऱ्याचदा सुटतो. सोनी ईएक्स१ या व्हिडिओ कॅमेऱ्याची अडचण हीच होती, तिथे टिफेन कंपनीचा टी१ फिल्टर लागायचा. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यापुढे धरून केलेली चाचणी इथे फसवते. रिमोटचा दिवा बहुधा ९४० च्या आसपासचा असतो.

बी+डब्ल्यू ४८६ या आयआर कट फिल्टरसारख्या थर दिलेल्या काचेवर किरण तिरके पडले की कापण्याची हद्द दृश्य लालाकडे सरकते. म्हणून वाइड लेन्सवर कोपरे हिरवट-निळसर येतात. अशी आरशासारखी काच एनडीच्या बाहेरच्या बाजूला लावा, नाहीतर दोघांमध्ये प्रतिबिंबं फिरतात. इन्फ्रारेड परतवण्याऐवजी शोषणाऱ्या काचेला कोपऱ्यांचा त्रास फार कमी, पण ती हिरवट असते; लावल्यावर व्हाइट बॅलन्स पुन्हा घ्या. नव्याने खरेदी करणार असाल तर सरळ आयआर-एनडी घ्या, म्हणजे एनडी आणि आयआर कट एकाच काचेत.

चाचणी उन्हातच करा. पॉलिस्टर, टेरिकॉट, सुती, लोकर असे काळ्या कापडाचे तुकडे आणि ग्रे कार्ड शेजारी ठेवा. एकदा एनडीशिवाय, शटर वाढवून. मग प्रत्येक एनडीवर, एक्स्पोजर तेच राखून. एलईडीच्या उजेडात इन्फ्रारेड जवळजवळ नसतंच, त्यामुळे तिथे सगळं छान दिसेल आणि काहीच कळणार नाही. मंगल कार्यालयात जुने हॅलोजन दिवे असतील तर मात्र आयआर कट काढू नका.