तिळगूळ आणि मसाजचं तेल

अरोमाथेरपीसाठी येणारा जवळजवळ प्रत्येक जण सुवासाचीच चौकशी करतो. लॅव्हेंडर आहे का, गवती चहा आहे का. ते थेंब कशात मिसळणार, हे क्वचितच कुणी विचारतं. वास्तविक दोन टक्क्यांच्या मिश्रणात 30 मिलीच्या बाटलीला सुगंधी तेलाचे साधारण 12 थेंब लागतात. बाकी सगळं बेस ऑइल, म्हणजे ते थेंब ज्यात मिसळतात ते साधं तेल, आणि अंगाला लागतं ते मुख्यतः तेच.

गेल्या डिसेंबरात नाशिकच्या माझ्या सेंटरवर एक ताई आल्या. आदल्या दिवशी घरी मसाज केल्यावर दोन्ही हातांवर गांधी उठल्या होत्या. "मला लॅव्हेंडर सोसत नाही, दुसरं काहीतरी द्या." वापरलेली बाटली मी मुद्दाम आणायला सांगितली होती. पुढे ठळक अक्षरांत लॅव्हेंडर, मागे बारीक अक्षरांत सेसामम इंडिकम. म्हणजे तिळाचं तेल, तेही घाण्याचं. हुंगून पाहिलं; खवटपणा अजिबात नव्हता.

खाण्यातलं काही बाधतं का, विचारलं. आधी नाही म्हणाल्या. मग जरा थांबून, "संक्रांतीला तिळगूळ खाल्ला की ओठ खाजतात. पण ते उष्णतेनं असेल ना?"

त्या दिवशी मी मसाज केलाच नाही. तिळाची अ‍ॅलर्जी असेल तर तेलात उरलेले प्रथिनांचे अंशही त्रास देऊ शकतात, आणि रिफाइंडपेक्षा घाण्याच्या तेलात ते जास्त असतात. माझ्या स्वयंपाकात घाण्याचंच तेल असतं. पण शुद्ध आहे म्हणून ते प्रत्येकाला सोसेल असं नाही. ताईंना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तपासणीत तीळच निघाला, बाकी काही नाही.

मग तेल निवडायला बसलो. खोबरेल नाशिकच्या थंडीत थिजतं. सूर्यफुलाचं हलकं, त्वचेला मानवणारं, पण लवकर खवटतं आणि ताई बाटली महिनोन्‌महिने पुरवणाऱ्या. शेवटी जोजोबा, म्हणजे एका वाळवंटी झुडपाच्या बियांचं तेल, ठरवलं. रासायनिकदृष्ट्या ते पातळ मेण, त्यामुळे टिकतं छान. महाग आहे, हे त्यांना आधीच सांगितलं. कोपराच्या आतल्या बाजूला नुसतं जोजोबा लावून दोन दिवस वाट पाहिली. काही उठलं नाही. मग त्यातच एक टक्का ताजं लॅव्हेंडर. तेही सोसलं!

पुढच्या वेळी त्या घरातल्या सगळ्या बाटल्यांची लेबलं वाचून आल्या. रोजच्या लिपबाममध्येही तिळाचं तेल होतं.